धोंडाक्काच्या भिंतीचा देव

शिरोलीच्या एमआयडीसीत कामगारांना भाकऱ्या करून देणारी धोंडुबाई माझी शेजारीण. आम्ही सगळे तिला धोंडाक्का म्हणतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्या, कडेला उघडी मोरी आणि मोरीला आडोसा म्हणून रस्त्याच्या बाजूची एक भिंत, एवढाच तिचा संसार.

त्या भिंतीनंच सगळं रामायण घडवलं. फौंड्रीची पाळी सुटली की गडी घरी जाताना भिंतीशी उभे राहायचे. आक्का आत आंघोळीला बसलेली आणि बाहेर हे निर्लज्ज! शिव्या देऊन झाल्या, राख टाकून झाली, काही उपयोग नाही. शेवटी वैतागून तिनं मोरीतला कपडे धुवायचा दगड भिंतीबाहेर उभा केला आणि तेलात शेंदूर कालवून फासला. दुसऱ्या दिवसापासून भिंत कोरडी. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो.

मग कुणीतरी नारळ ठेवला. कुणाच्या पोराची नोकरी कायम झाली, त्यानं घंटा बांधली. साबण ठेवून ठेवून दगडाला खोबण पडली होती, तिला लोक देवाचं पाऊल म्हणायला लागले. आक्काही दिवेलागणीला पणती ठेवू लागली. मी जाता-येता हात जोडायची. जोडल्यावर बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मग मंडळ निघालं. अध्यक्ष आमच्याच गल्लीतला धैर्यशील. फ्लेक्सवर देवापेक्षा मोठा त्याचाच फोटो आणि खाली 'स्वयंभू जागृत देवस्थान'. गेल्या शनिवारी हा पठ्ठ्या पोरं आणि पहारी घेऊन आक्काच्या दारात.

"आक्का, सभामंडप बांधायचाय. ही भिंत आन् मोरी काढावी लागंल."

"आन् मी आंघूळ कुठं करू? तुझ्या फ्लेक्समागं?"

पोरं फिसकन हसली.

"देवाचं काम हाय. आडवी येऊ नगंस."

"कसला देव? माझा कपडं धुवायचा धोंडा हाय त्यो. ह्या पुर्णीला इचार." तिनं मला पुढं ओढलं.

"व्हय," मी म्हणाले. "शेंदूर माझ्याच वाटीत कालवलाय."

धैर्यशील हसला. "असंल की. पर आता एवढी माणसं मानत्यात. मानलं की देव झाला. तू म्हणून त्यो परत दगूड व्हनार न्हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जास्त राग याचा, की त्याचं बोलणं मला धड खोडता येईना. हात मीही जोडले होते. पण ज्या श्रद्धेनं देव उभा केला, तिचीच पहार करून बाईमाणसाचा आडोसा पाडायचा?

आक्का म्हणाली, "बरं, झाला देव. भिंत पाडायच्या आदी त्याला बाजूला घ्यावा लागंल. उचल."

धैर्यशीलनं पोरांकडं पाहिलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी पुढं होईना.

"भटजीला इचारून... मुहूर्त बघून..."

"ह्याला हात लावायला भ्या वाटतंय, आन् माझी मोरी उघडी पाडायला वाटंना व्हय रं, मुडद्या?"

तिनं चप्पल काढली. दगडाला कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटली आणि माझ्यावर ओरडली, "बघतीस काय? धर!" आम्ही दोघींनी दगड मोरीत नेला. तिनं शेंदूर खरवडला, बादलीतलं लुगडं काढलं आणि दाणकन आपटलं. बाहेर घंटासुद्धा हलली नाही.

"पाप लागंल, आक्का!" धैर्यशील ओरडला.

"लागू दे. माझं आन् त्याचं आमी बघून घिऊ. तू निघ!"

तो आणि पोरं निघाली, पहारी खांद्यावर टाकून. त्याच संध्याकाळी पाळी सुटल्यावर एक गडी भिंतीशी येऊन उभा राहिला. आक्का पिठाच्या हातानं धावली आणि त्याच्या सात पिढ्या काढल्या. आता हे रोजचंच.

आक्का कपडे पुन्हा त्याच दगडावर धुते. साबण मात्र खोबणीत ठेवत नाही, बाजूच्या विटेवर ठेवते. मी विचारलं, तर माझ्यावरच खेकसली, "तुला काय करायचंय? लुगड्याचा पीळ धर."