गिरणीतला अदृश्य माणूस

ओतूरच्या पिठाच्या गिरणीत दळण टाकायला कामाला असलेल्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. डब्याला मोबाईल टेकवून तो जुने काळे-पांढरे सिनेमे बघतो. जादूच्या अंगठीने अदृश्य झालेला नायक खलनायकाला थोबाडीत मारतो, खलनायक हवेशी भांडतो, आणि हा पिठाने माखलेला माणूस डोळे पुसत हसतो. "पावणं, मारणारा दिसतच न्हाई! लई भारी!"

एरवी तो कुणाशी चढ्या आवाजात बोलत नाही.

परवा गिरणीमालकाचा मुलगा आला. वाटेत आली म्हणून डोंगरातून आलेल्या एका म्हातारीची नाचणीची पिशवी त्याने लाथेने उडवली. तेवढ्यात मागून फाडकन आवाज झाला. माझ्या हातातला डबा खाली पडला. मुलगा गाल धरून वळला, तर हा मोबाईलमध्ये मान घालून उभा.

"कोणी मारलं?" मुलगा ओरडला.

खरं सांगितलं तर या माणसाचं काम जाणार, हे उघड होतं. मी दुकानदार; मापात आणि बोलण्यात पावशेराचाही फरक करत नाही. तरी माझ्याच तोंडून निघालं, "मला कोणी दिसलं नाही."

"मला बी न्हाई," म्हातारी म्हणाली.

मुलाने हात खाली घेतला. गालावर पिठाची पाच बोटं स्वच्छ उमटली होती.