सात नंबरचे तीस मीटर

पाणीपुरवठा विभागात त्याला ‘सूतभर’ म्हणत. हुद्दा मोजणीदाराचा, वय छप्पन्न, आणि टोपणनावाचे कारण इतकेच की सूतभर फरकही त्याला खपत नसे. कपाखालची बशी तिरकी असली तर तो आधी ती सरळ करी, मग घोट घेई. सव्वीस वर्षे त्याने एकच काम केले होते. शहरात नऊ ठिकाणी खास निरीक्षणासाठी बोअर पाडलेले होते. दर तीन महिन्यांनी त्यांची कुलपे उघडायची, पोलादी टेप आत सोडायची आणि पाणी किती खोलवर लागते ते नोंदवायचे. टेपच्या टोकाकडच्या वावभर भागाला खडू फासलेला असे. पाण्यात बुडाला तेवढा खडू गडद होई, आणि त्या रेषेवरून आकडा निघे. यात अवघड ते काय, असे कुणी विचारले तर तो म्हणे, “अवघड काहीच नाही. जे दिसेल तेच लिहायचं.”

त्या वर्षी पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती, आणि टंचाईचा विचार करायला नगरपालिकेची सभा भरली होती. सूतभरला एरवी सभेचे बोलावणे नसे. या वेळी अभियंत्यांनी त्याला मुद्दाम बोलावून मागच्या रांगेत बसवले. गेल्या वर्षी झालेला नियम सर्वांना ठाऊक होता: एखाद्या भागातली भूजलपातळी सलग तीन वर्षे खाली गेली, तर तिथे नव्या बोअरना बंदी आणि टँकर सुरू. प्रश्न होता वरच्या वस्तीचा. तिथे यंदा लोकांनी आरडाओरडा केल्यामुळे दोन टँकर तात्पुरते चालू होते, आणि शेजारच्या नव्या वसाहतीला बारा बोअर हवे होते.

अभियंत्यांनी भिंतीवर आलेख दाखवला. वरच्या वस्तीतला सात नंबरचा बोअर. रेघ चौदा मीटरवरून एकोणीसवर, चोवीसवर, अठ्ठावीसवर उतरत गेली होती, आणि तीसवर आल्यावर टेबलाच्या कडेसारखी सरळ झाली होती. चार वर्षे ती तिथून हललेली नव्हती. अभियंते म्हणाले की पालिकेने खणलेल्या जिरवणीच्या खड्ड्यांचे हे फळ आहे. पातळी स्थिरावली आहे. तेव्हा बंदीची गरज नाही, बारा बोअरना परवानगी द्यावी, टँकर दुसरीकडे वळवावेत. अध्यक्षबाईंनी इतक्या वर्षांच्या चोख नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. सभागृहाने मागे वळून टाळ्या वाजवल्या.

सूतभर आलेखाकडेच पाहत बसून राहिला. ती सरळ रेघ पाण्याची नव्हती. ती त्याच्या टेपची लांबी होती.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी सात नंबरमधून टेप वर आली तेव्हा खडू टोकापर्यंत पांढराशुभ्र होता. टेप तीस मीटरची. पाणी त्याच्याही खाली गेले होते. त्याने वहीत ‘तीसच्या खाली’ असे लिहिले. संगणकावरच्या मुलीने वही परत आणून दिली. “काका, त्या चौकटीत अक्षरं बसत नाहीत. नुसता आकडा द्या ना.” त्याने तीस लिहिले, पुढे अधिकची खूण केली आणि शंभर मीटरच्या टेपसाठी अर्ज दिला. पाच महिन्यांनी शेरा आला की सध्याची टेप सुस्थितीत असल्याने नवीन टेपची आवश्यकता दिसत नाही. टेप सुस्थितीत होतीच. तो स्वतः तिला तेल लावत असे. पुढे चौकटीने ती खूणही नाकारली, आणि पाचव्या खेपेपासून ती त्याच्या वहीतूनही गेली. सोळा वेळा त्याने कोरडा खडू पाहिला आणि सोळा वेळा तीस लिहिले. वरच्यांना कळतच असेल, असे तो धरून चालला होता. मोजणाऱ्याला कळतच असेल, असे वरचे लोक धरून चालले होते. खोटे बोलायचे कुणाच्याही मनात नव्हते, आणि खोटे तर चार वर्षे सुखाने नांदत होते.

सभेचे इतिवृत्त आठ दिवसांनी कायम होणार होते. तोपर्यंतच निर्णय बदलता येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वरच्या वस्तीत गेला. तिथे त्याची मोठी बहीण राहत होती. ताईच्या स्वयंपाकघरात भांड्यांची उतरंड रिकामी होती आणि दारापाशी टँकरसाठी सात डबे रांगेत मांडलेले होते, प्रत्येकावर रंगाने तिचा घरक्रमांक. टँकर बंद होणार ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. तरी तिने त्याला पाणी विचारले, आणि पेला अर्धाच भरून दिला. वर टोमणाही मारला, की मोजणीदार घरी आल्यावर पेलाही मापात भरावा लागतो.

त्याने तिच्याकडे कपडे वाळत घालायची दोरी मागितली. शेजारच्या गवंड्याकडून आणखी एक लांबलचक दोरी आणि ओळंबा मिळाला. गवंडी थट्टेने म्हणाला की भिंत सरळ आहे का ते पाहतात हे माहीत होते, भोक सरळ आहे का हे पाहणारा पहिलाच भेटला. सूतभर हसला नाही. बंद पडलेल्या धुलाईघरामागे सात नंबरचे झाकण होते. त्याने दोन्ही दोऱ्या एकमेकींना बांधल्या, मीटरमीटरवर गाठी मारल्या, ओळंब्याला खडू फासला आणि दोरी सोडली. तीस गाठी गेल्या. चाळीस गेल्या. ताई मोठ्याने मोजत होती. अठ्ठेचाळीसनंतर तिचा आवाज बारीक झाला. चौपन्नाव्या गाठीला दोरी सैल पडली. कागदोपत्री बोअरची खोली चौपन्नच मीटर होती. ओळंबा वर आला तेव्हा त्याला राखेसारखी कोरडी भुकटी लागली होती आणि खडू जसाच्या तसा पांढरा होता.

गवंड्याने ओळंबा परत घेतला आणि आपल्या विजारीला पुसला.

ताई झाकणाच्या कठड्यावर बसली. मागच्या उन्हाळ्यात वस्तीने तक्रारीचा अर्ज लिहिला होता, ही गोष्ट तिने त्याला आजवर सांगितली नव्हती. सह्या गोळा करणाऱ्यांना तिनेच दारातून परत पाठवले होते. आपला भाऊ मोजतो, तो कधी चुकीचे लिहीत नाही, पाणी तीसवर आहे म्हणजे आहे, असे तिने घरोघर जाऊन सांगितले होते. तिचा शब्द म्हणून लोक गप्प बसले.

“तुझ्या नावावर सांगितलं रे मी सगळ्यांना,” ती म्हणाली. “तू बघितलं होतंस ना पाणी?”

“नाही ताई.”

“एकदाही?”

“चार वर्षांत एकदाही नाही.”

लहानपणी त्याने काही मोडले तर ती आधी ओरडत असे आणि मग पदराआड घेत असे. आज तिने दोन्हींपैकी काहीच केले नाही. उठली, दोरीच्या गाठी एकेक करून सोडवू लागली, कारण कपडे वाळत घालायचे राहिले होते.

अभियंत्यांनी त्याचे सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मग कागद पुढे ओढून त्यांनी उपाय सुचवला. या खेपेच्या नोंदीत चौतीस लिहावेत, तीन महिन्यांनी एकोणचाळीस, मग पंचेचाळीस. रेघ एकदम कोसळली तर वरून प्रश्न येतात, चौकशी लागते, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाला ती कशाला हवी?

“पायरीपायरीनं उतरवू,” ते म्हणाले. “पाणी तरी तसंच उतरलं असेल ना?”

सूतभरला त्या क्षणी सभागृहातल्यापेक्षा मोठा धक्का बसला, कारण सूचना त्याला वाजवी वाटली. चौतीस हा आकडा त्याच्या डोळ्यांपुढे त्याच्याच वळणदार अक्षरात उमटला. ज्या हाताने सोळा वेळा तीस लिहिले, त्याला चौतीस जड जाणार नव्हते.

“तसंच उतरलं असेल, साहेब,” तो म्हणाला. “पण मी ते पाहिलं नाही.”

त्याने चहा तसाच ठेवला. आपल्या टेबलाशी बसून त्याने एका पानाचे निवेदन लिहिले: सात नंबरच्या सोळा नोंदी पाण्याच्या नसून टेपच्या लांबीच्या आहेत, त्या माझ्या हातच्या आहेत, बोअर आज तळापर्यंत कोरडा आहे. टेपच्या अर्जाचा उल्लेख त्याने एकदा लिहिला आणि खोडला. मग विचार करून पुन्हा लिहिला, कारण तेही घडलेले होते. निवेदनाची एक प्रत त्याने अध्यक्षबाईंच्या हाती स्वतः नेऊन दिली.

आठव्या दिवशी सभेत ते वाचले गेले. या वेळी कुणी मागे वळून पाहिले नाही. भिंतीवर तोच आलेख होता. सरळ रेघेची चार वर्षे पुसून टाकलेली, आणि तिच्या जागी पांढरी भिंत. बारा बोअरची परवानगी स्थगित झाली, टँकर चालू ठेवायचे ठरले, मोजणीदाराकडून खुलासा मागवावा असेही ठरले. मग अध्यक्षबाईंनी त्याला उभे केले आणि विचारले की खालचे पाणी नेमके कधी संपले. चार वर्षांपूर्वी, दोन वर्षांपूर्वी, की या उन्हाळ्यात? त्यावर पुढचे सगळे अवलंबून होते: आणखी किती बोअर असेच कोरडे असतील, शहराच्या हाती किती अवधी आहे.

मागच्या बाकांवर वस्तीतली माणसे बसली होती. त्यांत ताई होती, मांडीवर अर्जाचा जुना कागद, सह्यांसाठी आखलेला.

“सांगता येणार नाही,” सूतभर म्हणाला.

अध्यक्षबाई थांबल्या. सव्वीस वर्षे आकडे देणारा माणूस आणखी काही बोलेल म्हणून त्या लेखणी उचलून वाट पाहत राहिल्या.