किनवटहून आलेले भाऊ, हात वर करा!

माझ्या आयुष्यात मी एकाच बाईसाठी दीडशे मैल प्रवास केला, आणि त्या प्रवासाला बायकोला बरोबर घेऊन गेलो.

(बाई म्हणजे गाणाऱ्या बाई. गैरसमज नको! नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांची नातवंडं आता मोठ्या नोकऱ्यांत असतील, उगाच संकोच व्हायचा.) आमच्या किनवटच्या विहारावर जयंतीला भोंगा लागला की पहिला आवाज त्यांचा. त्यांच्या एका गाण्यात एक आई मोळ्या विकून पोराला पाटी घेऊन देते. माझ्या आईनं जंगलातल्या मोळ्या बाजारात विकल्या, म्हणून मी शिकलो आणि वनखात्यात कारकून झालो. (ज्या जंगलातल्या मोळ्या, त्याच खात्यात! आई हे कुणाला सांगू देत नसे.) आई गेल्यावर ते गाणं मी इतक्यांदा टेपवर लावलं की फीत ताणून बाई पुरुषाच्या आवाजात गायला लागल्या. एकदा, फक्त एकदा, ते गाणं त्यांच्यासमोर बसून ऐकायचं, एवढीच माझी इच्छा होती.

माझ्या बायकोला, कमलला, हे काही पटत नसे.

"ती तुमची बाई नुसती रडवायली," ती म्हणे. "पैसे देऊन रडायचं असतं व्हय?"

अशात लातूरहून माझ्या मोठ्या बहिणीचं पत्र आलं. 'बाईंचा कार्यक्रम आमच्या घरामागच्या मैदानात आहे. दोघंही या. येताना पाणी घेऊन या.'

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि त्याच साली दुष्काळ पडला होता. मी तेलाचा रिकामा डबा राखेनं घासून, पाण्यानं गच्च भरून खांद्यावर घेतला. किनवट ते नांदेड पॅसेंजरनं तो डबा सुखरूप आला. संकट सुरू झालं नांदेडच्या एस.टी.त.

"डब्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"पाणी."

"तेल असंल तर लगेज पडंल."

"पाणीच आहे हो. बघा!"

त्यानं झाकण काढून वास घेतला. मग तांब्या बुडवून प्यायला. मग आणखी एक तांब्या प्यायला. खात्री पटायला त्याला दोन तांबे लागले!

"हाव, पाणीच हाय," तो म्हणाला.

मागच्या सीटवरची म्हातारी लगेच उठली. "बाबा, माझी बी खात्री कर की!"

कमल कुणाला नाही म्हणणाऱ्यांतली नव्हे. लोह्यापर्यंत निम्म्या गाडीची खात्री पटली आणि अहमदपूरला ड्रायव्हरची. लातूरला उतरलो तेव्हा डबा मी एका बोटावर अडकवून नेत होतो.

आक्का दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याला टिचकी मारली. डबा चांगला ठणठण वाजला.

"ये रे भाऊ," ती म्हणाली. लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हा ती याच आवाजात बोलली होती.

दाजींनी मात्र मिठी मारली. "जयभीम! आता आपण जिल्ह्याच्या गावात राहायलोय, काय समजलात!"

"आणि पाणी?"

"येईल की. अगुदर हापिसं तर येऊ द्या. अर्ज कुठं करायचा ते तरी कळंल!"

विजेचा भरवसा नव्हता म्हणून कार्यक्रम दुपारी चारचा ठेवला होता. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. कमल आणि आक्का पुढच्या रांगेत बसल्या. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन लावलं होतं. बाई मंचावर आल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. फोटोतल्यापेक्षा त्या बुटक्या होत्या, पण आवाज लागला तसं सगळं मैदान गप्प झालं. मी पेन काढलं आणि चिठ्ठी लिहिली : 'किनवटहून खास आलेल्या चाहत्याची फर्माइश.' खाली गाणं लिहिलं. चिठ्ठी हातोहात पुढे गेली, पेटीवर जाऊन पडली, आणि तेवढ्यात मैदानाच्या कडेला हॉर्न वाजला.

टँकर!

उद्या येणारा टँकर आज आला होता. पाहता पाहता पुढच्या रांगा उठल्या, मागच्या उठल्या, ढोलकीवाला याच वस्तीतला निघाला, तोही ढोलकी ठेवून पळाला! आक्का माझ्यापाशी आली आणि माझ्या हातात घागर दिली.

"आक्का, माझी फर्माइश हाय!"

"फर्माइशीनं तहान भागते व्हय रे? ऊठ!"

ठणठण वाजणारा डबा घेऊन आलेल्या माणसाला उठावंच लागतं. शिवाय बाई स्वतःच माइकवर म्हणाल्या, "पाणी आधी भरून घ्या माय, गाणं कुठं पळून जात न्हाई." मी निश्चिंत झालो. जागा धरायला कमलला बसवलं आणि धावलो.

टँकरपाशी दोन गल्ल्या समोरासमोर उभ्या होत्या. नळी कोणी धरायची यावरून झटापट चालली होती. ड्रायव्हरनं माझा पांढरा शर्ट पाहिला, पेन पाहिलं.

"साहेब, कोण्या गल्लीचे?"

"मी किनवटचा."

"झालं! तुम्हीच धरा नळी. तुम्ही ना ह्यांचे, ना त्यांचे."

दोन्ही गल्ल्यांनी मान डोलावली. मला कुणीतरी मागच्या पायरीवर चढवलं आणि नळीचं तोंड माझ्या हातात आलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. ऑफिसात कुणी माझ्या हातात साधी कपाटाची किल्ली देत नसे! मी एक घागर या गल्लीची, एक त्या गल्लीची, असा न्याय सुरू केला. "ए मावशी, रांगेत!" असंही दोनदा ओरडलो.

आणि भोंग्यातून आवाज आला.

"माणसं येईस्तोवर एक चिठ्ठी वाचते. किनवटहून खास आलेले भाऊ... कुठं हायेत? हात वर करा!"

पायरीवरून मला मंच दिसत होता. बाई कपाळावर हात धरून मैदान शोधत होत्या. मला शोधत होत्या! आता अशा वेळी माणूस काय करेल? मी हात वर केला.

ज्या हातात नळी होती, तो.

पाणी आधी आभाळात गेलं, मग ड्रायव्हरवर, मग दोन्ही गल्ल्यांवर समान न्यायानं पडलं. मग ज्या शिव्या बसल्या, त्यांतल्या काही मी खास लातूरच्या म्हणून लक्षात ठेवल्या आहेत. दुष्काळात पाणी सांडणारा माणूस! "कोण हाय हा बाबा?" कुणीतरी आक्काला विचारलं. आक्कानं सख्ख्या भावाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "कोण की माय!"

"मला जाऊ द्या हो, माझं गाणं..."

"गाणं? शेवटची घागर भरल्याबिगर हालायचं न्हाई!"

तिकडे पुढच्या रांगेत कमल उभी राहिली. तिनं हात वर केला. बाईंनी तिला मंचावर बोलावलं, शेजारी बसवलं आणि माझं गाणं सुरू झालं. मला दिसत सगळं होतं. ऐकू येत होतं ते "माझी घागर!" "माझा हंडा!" आणि अधूनमधून एखादी तान. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मी इतका भिजलो होतो की कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटची, आक्काची घागर भरली तेव्हा गाणं संपलं होतं. मी तीच घागर उचलून मंचाकडे पळालो. कमलचे डोळे लाल झाले होते. इतकी वर्षं त्या गाण्याला नावं ठेवणारी बाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

"अवो," ती म्हणाली, "ही तर तुमच्या आईची, आपल्या आत्याबाईंचीच गोष्ट हाय की वो. तुम्ही सांगितलं का न्हाई मला कधी?"

मी दररोज सांगत होतो. पण त्या क्षणी मला तिचा राग आला नाही. आईसाठी घरात रडणारे आता दोघं झालो, एवढंच वाटलं.

मी बाईंकडे वळलो. दीडशे मैलांपासून पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. बाईंनी माझे ओले कपडे पाहिले, खांद्यावरची घागर पाहिली, आणि मी तोंड उघडायच्या आत हात जोडून अतिशय आदरानं विचारलं, "भाऊ, आमचा मुक्काम उद्या बी हाय. टँकर घेऊन किती वाजता येता?"

लोक मला विचारतात, बाई तुमच्याशी बोलल्या, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मी म्हणालो, "दहापर्यंत येतो, बाई."