सत्काराच्या नारळाची बिस्किटं

एका वर्षी माझ्या घरात सव्वीस नारळ साठले. दारात नारळाचं झाड नाही, नवसही कुणाला बोललेला नाही. कार्यकर्ता माणूस आहे. कुणाचं रेशनकार्ड करून दिलं, कुठल्या वाडीला एसटी सुरू करून दिली की लोक स्टेजवर बोलावतात, खांद्यावर शाल टाकतात आणि हातात नारळ देतात. शाल धुतली की विरते. नारळ टिकतो, पण त्याची खात्री देता येत नाही. आमच्याकडं सत्काराचा नारळ एका हातातून दुसऱ्या हातात, तिथून परत दुकानात आणि दुकानातून पुन्हा स्टेजवर असा वर्षभर फिरत असतो.

बिस्किटांची भट्टी चालवणाऱ्या महानंदाक्कांनी ते नारळ बघितले आणि म्हणाल्या, "बजरंगा, उबवायला ठिवलेस का काय? भट्टीवर आणून टाक."

पोतं भरून नेले. त्यांनी एकेक नारळ कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं की एका ढिगात, आतला गोटा सुटून खडखडला की दुसऱ्या. पाच नारळ काहीच बोलले नाहीत, ते उकिरड्यावर.

"हे पुढाऱ्यांनी दिल्यालं असत्याल," म्हणाल्या.

बाकीच्यांचं खोबरं किसून, वाळवून, मंद भाजून त्यात शेंगदाण्याचा भरडा घातला. कच्च्या पपईचे बारीक तुकडे पाकात शिजवून सुकवलेले होते, तेही घातले. ते बिस्कीट मी खाल्लं आणि पहिल्यांदा वाटलं, आपला सत्कार झाला. तेव्हापासून माझे नारळ भट्टीवरच जातात.

कळंबच्या मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत अक्कांची भट्टी आहे. अक्कांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेकडचं माकणी, त्यामुळं राग आला की तोंडातून कानडी निघतं. नवरा शरणबसप्पा सोलापुरात बेकरीचं काम शिकले, इथं येऊन विटामातीची घुमटासारखी भट्टी स्वतःच्या हातानं बांधली. सात वर्षांपूर्वी ते गेले. लोकांना वाटलं, आता भट्टी बंद. तिसऱ्या आठवड्यात अक्कांनी बाभळीची लाकडं पेटवली. लिंगायताची भट्टी, म्हणून अंडं आत येत नाही. माणूस मात्र कुणीही येतो. कुणाच्या पिठाशेजारी कुणाचं पीठ भाजलंत, अशी चौकशी करणाऱ्याला अक्का भट्टीचं तोंड दाखवतात. "इस्तवाला इचारा," म्हणतात.

दिवाळीआधी बाया आपापल्या घरून मैदा, तूप, साखर घेऊन येतात. अक्का मळून, थापून, भाजून देतात, बाई तेलाचा रिकामा डबा भरून घरी नेते. एकाचं बिस्कीट दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी सोड्याच्या बाटलीचं बूच दाबतं, कुणी कुलपाची किल्ली. दगडाबाई म्हणून शेजारच्या गावची म्हातारी आहे, ती अंगठा दाबते.

"सरकारात चालतोय अंगठा," म्हणते, "मग हितं का चालू न्हाय?"

मी या भट्टीवर वाचायला शिकलो. शाळा सातवीत सुटली, यार्डात हमाली करत होतो. दुपारी पाठ टेकायला भट्टीच्या सावलीला यायचो. ट्रेमध्ये घालायला अक्कांकडं रद्दी असायची. मी नुसता पडून छत बघतो म्हणून एकदा त्यांनी पेपर अंगावर फेकला. "वाच. आन मलाबी सांग काय लिवलंय." अडखळत वाचला. दुसऱ्या दिवशी परत. पुढं रद्दीत सरकारी परिपत्रकं येऊ लागली, ती त्या बाजूला काढून ठेवायच्या. हमालांच्या हक्काचा पहिला कागद मी तुपाच्या डागाआडून वाचला. आज तहसीलमध्ये मी कलम तोंडपाठ सांगतो तेव्हा साहेब विचारतात, वकिली कुठं केली. मी सांगतो, भट्टीवर. त्यांना तो टोमणा वाटतो.

आता गावोगावी बिस्किटाचे पुडे मिळतात. भट्टी दिवाळीआधी आणि मे महिन्यात पेटते, मधले महिने विटा गार. यंदा अक्कांनी मला सरळ सांगितलं, "दिवाळी झाली की मोडायची. इटा कुणाला लागत्यात का बघ. म्या पुण्याला चालले, भाचीच्या मेसात पोळ्या लाटायला."

वर्षभराचं काम मिळालं तरच भट्टी राहणार होती, आणि ते काम शोधायचं मी मनाशी ठरवलं. अक्कांना काही बोललो नाही. तीच पहिली चूक.

कोजागिरीला मुलींच्या वसतिगृहात माझा सत्कार होता. त्यांच्या गेटसमोर एसटीचा थांबा मिळवून दिला होता. तिथल्या रेक्टर गायत्री मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, मुलींना संध्याकाळी रोज तेच पुडे देऊन कंटाळा आलाय, इथलं काही चांगलं मिळालं तर वर्षभर घेऊ. माईक माझ्या हातात होता आणि समोर तीनशे मुली. मी म्हणालो, "आपल्या डोंगरातलं सीताफळ ढिगानं वाया जातं. आमच्या महानंदाक्का त्याचं बिस्कीट करतात. येत्या शनिवारी दहा वाजता घेऊन येतो!"

अशा टाळ्या पडल्या की विचारू नका. अक्कांनी जन्मात सीताफळाचं बिस्कीट केलेलं नव्हतं.

भट्टीवर येऊन सांगितलं. अक्का पीठ मळत होत्या. हात थांबले.

"सीताफळ चुलीवर चढवल्यालं कधी बघितलंस?"

"न्हाय."

"आमच्या अव्वानं कधी चढवलं न्हाय."

"तुमच्या आईनं चढवलं न्हाय म्हणून आपणबी गप बसायचं? असंच म्हणत बसलो असतो तर आजबी यार्डात..."

"साकु!" अक्का म्हणाल्या. म्हणजे पुरे. "भाषण यार्डात कर. सीताफळं कुठं हायत ते सांग."

गुरुवारी दोन टोपल्या आणल्या. दगडाबाई आदल्या दिवशी आपला डबा भाजून घेऊन बहिणीकडं मुक्कामाला थांबली होती. भट्टीवर गप्पा मारायला आली आणि आपण होऊन बिया काढायला बसली. अक्कांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकला, तो किती वेळात तांबूस होतो ते बघितलं, निखारे बाजूला ओढले आणि ट्रे आत सरकवला. थोड्या वेळानं गल्लीभर रबडीसारखा वास सुटला. समोरचा सायकल दुकानदार उठून आला. मी मनात शनिवारचं भाषण जुळवायला लागलो.

बिस्कीट सोनेरी झालं होतं. दाताखाली गोड लागलं. गिळताना जिभेच्या मागं असं कडू उतरलं की लिंबोळी फुटावी. सायकलवाला तोंड पुसत दुकानात परत गेला.

साखर वाढवली. आधी गोड, मग तितकंच कडू. शुक्रवारी विस्तव मंद करून बघितला, तूप वाढवून बघितलं. कडू. शनिवारी सकाळी शेवटचा ट्रे निघाला. तो खाल्ला आणि माझा तोल गेला. समोर दगडाबाई होती.

"बिया राहत्यात आत! एक बी चिरडली की सगळं कडू व्हतं. डोळ्यानं दिसत न्हाय तर हात कशाला घालायचा?"

म्हातारीनं हातातलं फळ खाली ठेवलं. "सत्तर वर्सं झाली सीताफळं खाती म्या. बी कुठली आन गर कुठला, ते तू शिकवतूस मला? आधी तुझ्या जिभंवरची बी काढ, मेल्या. ती लई कडू हाय." आणि आमच्याकडं पाठ करून पायरीवर जाऊन बसली.

अक्कांनी एक फळ फोडलं, गर स्वच्छ फडक्यातून माझ्यासमोर गाळला. बी तर नाहीच, बीचा काळा ठिपकाही नव्हता. ती वाटी भट्टीत ठेवली. गर गुलाबी पडला तशी बाहेर काढून माझ्या हातात चमचा दिला.

"खा."

खाल्लं. कडूजहर.

"यात बी हुती का?"

"न्हाय."

"मग कडू कशानं झालं?"

"इस्तवानं."

"मला न्हाय, तिला सांग."

साडेनऊ वाजले होते. मी पायरीवर गेलो. "आजी, चुकलो." दगडाबाईनं तोंड वळवलं नाही. "कळलं मला. कान हायत अजून," एवढंच बोलली.

आता मॅडमना काय सांगायचं? मला एक युक्ती सुचली. लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "अक्का, सीताफळाच्या वासाचा अर्क बाटलीत मिळतोय. मॅडमना फोन करून सोमवार मागतो. खोबऱ्याच्या बिस्किटात दोन थेंब टाकू. कुणाला काय कळतंय?"

अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की रद्दीतला पहिला कागद वाचताना मी चुकलो होतो तेव्हाही त्यांनी तसं बघितलं नव्हतं.

"लेकी हायत त्या, बजरंगा. आमदार न्हाईत, थापा मारायला." मग हात धुतले, शेवटच्या ट्रेमधली कडू बिस्किटं एका डब्यात भरली. "तू सीताफळाचं आणतो म्हणून बोललास. मग सीताफळाचंच न्यायचं."

"ही? कडू?"

"व्हय, हीच."

"आन मग काम कसं मिळंल? तुमी पुण्याला..."

"ते माझं मी बघन."

तेवढ्यात पायरीवरून दगडाबाई उठली. तिचा दिवाळीचा डबा कोपऱ्यात ठेवलेला होता, सगळ्या बिस्किटांवर अंगठ्याचा ठसा. शेंगदाणे तिच्या शेतातले, पपई परसातली, खोबरं माझ्या सत्काराचं. तो डबा तिनं पायानं माझ्याकडं सरकवला.

"ह्योबी ने."

"आजी, तुमची दिवाळी..."

"दिवाळीला अजून आठ दिस हायत. पुना भाजील ती. बोलत बसू नको, उचल."

वसतिगृहाच्या जेवणघरात मुली रांगेनं बसल्या होत्या. गायत्री मॅडमनी हसून विचारलं, "आणलं ना सीताफळाचं बिस्कीट?" मी तोंड उघडायच्या आत अक्का पुढं झाल्या. "आणलंय. पण मुलींना वाटू नका. आधी तुमी एक खावा."

मॅडमनी खाल्लं. हसू तसंच राहिलं, डोळे बारीक झाले. मागच्या रांगेतली एक मुलगी खुदकन हसली.

"अहो, हे तर कडू आहे!"

"व्हय. तीन दिस करून बघितलं. सीताफळाला इस्तव सोसत न्हाय. ते कच्चंच खायाचं."

"मग आणलंत कशाला?"

"ह्यानं कबूल केलं हुतं न्हवं तुमाला. नुसतं दुसरंच आणलं असतं तर ह्यो खोटा पडला असता. झालं न्हाय, ते कसं झालं न्हाय हे दाखवाय आणलंय." मग दुसरा डबा उघडला. "आन मला करता येतं ते हे हाय."

मी त्या जेवणघरात मान खाली घालून उभा होतो. लोकांपुढं मान खाली घालायची मला सवय नाही. कलेक्टरपुढं घातली नाही. त्या दिवशी घातली, आणि जड वाटली नाही.

मॅडमनी खोबऱ्याचं बिस्कीट मोडलं, पपईचा तुकडा निरखला. खाल्लं. आणखी एक घेतलं. "यावर हा ठसा कुणाचा?"

"दगडाबाईचा. तिच्या घरचा डबा हाय."

"आणि अंडं, पामतेल?"

"अंडं भट्टीत येत न्हाय. तूप कुठलं, दाणे कुठले, कधीबी येऊन बघा. दार उघडंच असतं."

मुलींना एकेक वाटलं. थोडा वेळ नुसता कुरुमकुरुम आवाज. मग ती मागची हसणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, ते कडूवालं पण चाखायचंय." सगळं जेवणघर हसलं, मॅडमही. त्या म्हणाल्या, "सुट्टीनंतर मुली परत येतील. त्या सोमवारपासून आठवड्याला दोनदा, वर्षभर. जमेल?"

अक्कांनी लगेच हो म्हटलं नाही. बोटावर काहीतरी मोजलं. "जमंल. पण हेच. ह्यो भाऊ उद्या फणसाचं कबूल करंल, ते ऐकू नका."

मॅडमनी माझ्यासाठी शाल-नारळ आणून ठेवले होते. मी ते घेतले नाहीत. पहिल्यांदाच.

सुट्टी संपली, सोमवार उजाडला. वसतिगृहाचा पहिला ट्रे भरायचा होता. त्यालाही खूण हवी, ती भट्टीची रीत. अक्कांनी खूण ठरवली: अंगठा. दगडाबाईला कळलं तशी ती एसटीनं भांडायला आली. "माझी खूण हाय ती! म्या काय दाबू आता, कोपर?" शेवटी तीच ट्रेवर वाकून अंगठे दाबत बसली, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

मी त्या सकाळी एक शाल आणि नारळ घेऊन गेलो. म्हणालो, "अक्का, जरा उभ्या रहा. सत्कार करायचाय तुमचा." बोलायला तीन वाक्यं तयार केली होती. रद्दीचं, कडू बिस्किटाचं, माझा शब्द राखल्याचं. ती विसरून मी नुसती शाल पुढं केली.

"शाल खुंटीला लाव, पीठ लागंल," अक्का म्हणाल्या. नारळ मात्र हातात घेतला. कानाशी धरला, हलवला, डोळे मिटून ऐकला.

"पाणी हाय. ताजा हाय. कुणी दिला तुला?"

"कुणी दिला न्हाय. विकत आणला."

"तरीच," म्हणाल्या, आणि पाट्याच्या कडेवर एका फटक्यात फोडला.