शाईची खूण

सोलापुरातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या पेशंटना लेन्स समजावून सांगायचं काम माझं. चष्म्याचा तिरका, म्हणजे सिलिंडरचा, नंबर घालवणारी लेन्स ज्याला हवी, त्याला मी होटगीहून येणाऱ्या आमच्या टेक्निशियन काकांकडे पाठवते. आडवं झालं की डोळा किंचित फिरतो, म्हणून ऑपरेशनआधी पेशंटला बसवूनच ते बुबुळाच्या कडेला शाईची खूण करतात. डॉक्टर त्या खुणेवरून लेन्स बसवतात; खूण जरा सरकली तरी तिरका नंबर राहतो.

"मावशी, नाक माझ्या नाकासमोर धरा की," हे त्यांचं दिवसभर चालू असतं. खूण झाली की पेनाचं टोपण दोनदा दाबून बघतात.

आठ महिन्यांपूर्वी माझ्या आईलाही त्यांनीच खूण केली होती. तिला अजून अक्षरांशेजारी सावली दिसते. सवय होईल, असं मीच तिला सांगत आले.

काल काकांचाच रिपोर्ट माझ्या टेबलावर आला, मागोमाग तेही समोर येऊन बसले. दोन्ही डोळ्यांत बराच वाढलेला मोतीबिंदू, शिवाय तिरका नंबर.

"कधीपासून कमी दिसतंय?"

"दीड वरीस झालं. सांगितलं असतं तर हे काम काढून घेतलं असतं की."

"लेन्स कोणती लिहू?"

"साधीच."

"काका, तिरका नंबर तसाच राहील."

टोपण चाचपत ते म्हणाले, "लई जणांचा राहिला असंल. माझाबी राहू दे."