दादासाठी वाकवलेला गिअर

फिटर बुटका आणि त्याचा थोरला भाऊ ताडमाड उंच. दोघांनी सात वर्षं खपून एक जुनी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार उभी केली. पहिल्याच फेरीत कळलं, की दुसरा गिअर टाकताना दांडा दादाच्या गुडघ्यावर आपटतो.

"गाडी स्वतःच्या मापाची निवडलीस, होय रे?" दादा हसला.

"बघतो काहीतरी," फिटर म्हणाला. पण गिऱ्हाइकांच्या गाड्यांपुढे घरची गाडी मागेच राहिली. तशी दोन वर्षं गेली आणि दादा आजारी पडला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कुठे फिटरने दांडा काढला, तापवून मागे वाकवला, चार बोटं आखूड केला आणि दादाला धरून गाडीत बसवलं.

गुडघा आता मोकळा राहत होता, पण दादाच्या हातात ताकद उरली नव्हती. फिटरने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. बंद गाडीतच दोघांनी एकेक करत चारही गिअर टाकले.

"लोण्यासारखा पडतोय," दादा म्हणाला.

"उशीर केला मी."

"केलास खरा," दादा म्हणाला, पण हात त्याने काढून घेतला नाही.

पंधरवड्यात तो गेला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, गाडी आता तुम्हीच चालवा."

फिटर चालवतो. दांडा त्याला फार मागे पडतो, गिअर टाकताना खांदा अवघडतो. दांडा सरळ करायला अर्धा तासही लागणार नाही. त्याने अजून तो केलेला नाही.