आईंचे गुडघे आणि टिओमनचा बिननावाचा धबधबा

सिंगापुरात धबधबा बघायचा तर विमानतळावर जायचं, अशी आम्हा इथल्या लोकांची रीत. काचेच्या छताखाली, एसीत, हातात आइस्क्रीम धरून. माझ्या सासूबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण कुणी नळ बंद केला तर?" टिओमन या मलेशियातल्या बेटाच्या सहलीचं मूळ तिथे म्हणायला हरकत नाही. प्रत्यक्षात ती ठरली मात्र जुरोंग ईस्टला आमच्या जेवणाच्या टेबलावर, एका फॉर्मवरून.

आई एकाहत्तर वर्षांच्या. गेल्या वर्षी पुण्यात दोन्ही गुडघे बदलले आणि माझा नवरा, अभय, त्यांना इकडे घेऊन आला. विमानातून उतरल्या त्या व्हीलचेअरवर. आपल्याकडे सगळ्यांच्याच आईवडिलांसाठी व्हीलचेअर सांगतात, रांग टळते म्हणून. आठ महिने झाले, आता अभयला त्यांचा इथे राहायचा लांब मुदतीचा पास करायचा होता. फॉर्म भरून तयार होता, फक्त सही बाकी होती. ती काही त्या करेनात.

"मला माझ्या घरी जायचंय," हे एकच पालुपद. कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट, सकाळचा बागेतला ग्रुप, स्वतःच्या कुलपाची स्वतःच्या कमरेला किल्ली.

"आणि एकटी असताना पडलीस म्हणजे?" अभय.

त्याच वेळी आमची बारा वर्षांची सई फोनवर टिओमनच्या जंगलातल्या धबधब्याचे फोटो दाखवत होती. आईंनी चष्मा लावला, फोटो नीट बघितला आणि म्हणाल्या, "अभय, हा मी माझ्या पायांनी चढून उतरून दाखवला तर परत जाऊ देशील? मधे कुणाचा हात धरला तर निमूट सही करीन."

अभय हसत "चालेल" म्हणून बसला. सई ओरडली, "कॅन ला, आजी!" म्हणजे इथल्या बोलीत, जमेल की! आणि झालं.

एक गोष्ट कबूल करते, ब्लॉग माझाच आहे. आई हराव्यात असं मला वाटत होतं. मी चांगी बिझनेस पार्कला नोकरी करते, म्हणजे बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला. संध्याकाळी एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या गर्दीतून चुरगळून घरी यावं आणि कुणीतरी "चहा टाकू का गं?" विचारावं, हे सुख गेले आठ महिने मिळत होतं. ते सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती. तिकडे आईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून आमच्या ब्लॉकचे जिने चढायला सुरुवात केली. आधी दोन मजले, मग चार, मग आठ. शेजारच्या चिनी आजीबाई लिफ्टपाशी उभ्या राहून त्यांना अंगठा दाखवायच्या.

आता कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टिओमनचा विचार करू नका, समुद्र खवळलेला असतो आणि फेरीबोटी बहुतेक बंद. आम्ही शाळेच्या सुट्टीत, जूनमध्ये गेलो. पहाटे साडेपाचला ठरवलेली व्हॅन घेऊन तुआसच्या पुलावरून मलेशियात शिरलो. तिथून मर्सिंगचं बंदर गाठायला वाटेतल्या चहापाण्यासकट चार तास लागले. मर्सिंगची फेरीबोट भरती-ओहोटी बघून सुटते, तेव्हा वेळ आदल्या दिवशी फोन करून विचाराच. रिंगिट रोख घ्या, बेटावर आम्ही राहिलो त्या जुआरा गावात एटीएम नाही. आणि धक्क्याजवळच्या दुकानांतून काळे रबरी बूट घ्या, तळाला उंचवटे असलेले. आपल्या महागड्या शूजपेक्षा शंभर पटीने बरे आणि किंमत दोन प्लेट नासी लेमाकइतकी. आईंनी डॉक्टरी चपला पिशवीत टाकल्या आणि बूट तिथेच चढवले.

दोन तासांनी टिओमनवरच्या टेकेकच्या धक्क्यावर उतरलो. तिथून जीप डोंगर ओलांडून पलीकडे जुआराला नेते. तो चढ इतका उभा की अभय डोळे मिटून बसला होता. जुआराचा किनारा लांब, शांत, आणि समुद्राच्या बाजूने नारळाच्या झाडांची रांग. ती झाडं बघून आईंनी आपली पिशवी पोटाशी घट्ट धरली. मला कळेना काय झालं. रात्रीचं जेवण युसोफ यांच्या खानावळीत होतं. साठीचे, सुकडे, आमचे वाटाडेही तेच. जेवताना आईंनी हळूच पिशवीतून नारळ काढला. लिटल इंडियातून घेतलेला, सोललेला, शेंडी ठेवलेला! पाण्याची ओटी भरायची म्हणून खण, हळदकुंकू आणि नारळ असं सगळं त्यांनी आमच्या नकळत आणलं होतं.

युसोफ आधी नारळाकडे बघत राहिले, मग बाहेरच्या झाडांकडे, आणि पोट धरून हसले. "मकचिक," म्हणजे मावशी, "आमच्याकडे डोक्यावर पडू नयेत म्हणून नारळ चुकवत चालावं लागतं!"

"असू दे हो," आई ठसक्यात मराठीतच म्हणाल्या, "कुणाकडे पाहुणं म्हणून जाताना त्याच्याच घरचं उचलून त्याला द्यायचं का?" सईने ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा युसोफनी हसू आवरून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी जुआराच्या दक्षिणेला, मेंतावाक वाडीच्या मागे, नदीकाठाने जाणारी सोपी वाट धरली. अर्ध्या-पाऊण तासात दगडांतून घरंगळणारा छोटा धबधबा आणि पोहायला छान डोह. लहान मुलं असतील तर इथेच या. पाणी गार, मासे पायाला गुदगुल्या करतात. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि अभय म्हणाला, "झाला की धबधबा! इथेच निकाल लावू."

"ही रंगीत तालीम," आई म्हणाल्या. "फोटोतला कुठाय?"

फोटोतला होता दक्षिणेच्या मुकुट गावाजवळचा. तिसऱ्या दिवशी सकाळी होडीने निघालो. पाठीमागे दोन सुळके आभाळात घुसलेले, खाली दहा-वीस घरं. पण युसोफ म्हणाले, खालचा धबधबा सगळेच बघतात. त्याच्या वर आणखी एक आहे, त्याला नावसुद्धा नाही. दीड तास, वाट कठीण. सईने सांगताच आई म्हणाल्या, "मग तोच."

मी अभयकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. त्याला तेव्हाच थांबवायचं होतं, पण शब्द दिला होता.

सुरुवातीला पायऱ्या, मग मुळांची वाट. घाम असा की सनस्क्रीन डोळ्यांत. आईंचं तंत्र ठरलेलं, दहा पावलं आणि एक थांबा, थांबताना काठीवर दोन्ही हात. अभय "दमलीस का?" विचारायचा आणि त्या म्हणायच्या, "तू दमला असशील तर बस." तो खरंच बसायचा. ऑफिसातलं पोट, दुसरं काय!

तासाभराने ओढा आडवा आला. त्यावर पडलेलं एक भलं मोठं झाड, तोच पूल. खाली कमरेइतकं पाणी आणि धारदार दगड. युसोफ गेले, सई पळत गेली, अभय दोन्ही हात पसरून गेला. मग आई, आणि मागे मी. मध्यावर आई थांबल्या. त्यांची काठी शेवाळावरून सटकली आणि खाली पाण्यात पडली. माझा हात आपोआप पुढे गेला, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. धरला असता तर कुणी मला नावं ठेवली नसती. उलट सुनेने जपलं म्हटलं असतं. आणि माझा चहाही राहिला असता.

"हात मागे घे," आई न वळता म्हणाल्या.

मी घेतला. आजवर इतकं अवघड काही केलं नसेल मी.

मग आईंनी काय करावं? सावकाश वाकून खोडावर दोन्ही तळवे टेकले, एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसल्या, आणि पंजाबी ड्रेसची वाट लावत इंच इंच सरकत पलीकडे गेल्या. पलीकडे पोचल्यावर अभय म्हणाला, "हे चालणं नाही हं, आई!"

"अट हाताची होती. बसायची नव्हती."

त्यानंतर वीस मिनिटांत तो दिसला. आधी आवाज, मग अंगावर गार तुषार, मग झाडी संपली आणि समोर तीन मजले उंचीवरून काळ्या खडकावर आदळणारं पांढरं पाणी. पाटी नाही, कठडा नाही, आमच्याशिवाय माणूस नाही. आई बुटांसकट डोहात कमरेपर्यंत शिरल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अभय! आले रे मी!" मला रडू फुटलं, आणि ते आनंदाचंच होतं. सई नाचत होती. अभय काठावर उभा राहून दोन्ही हात जोडत म्हणाला, "हरलो!"

"थांब, उतरायचंय अजून."

खडकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाण्यात काही सोडायचं नाही असं युसोफनी सांगितलं होतं, म्हणून खोबरं आम्हीच सगळ्यांनी खाल्लं. खण आईंनी संध्याकाळी युसोफच्या बायकोला दिला. उतरताना युसोफनी नवी काठी तोडून दिली. आई मुळांवरून उलट्या तोंडाने उतरल्या, ओढा पुन्हा बसूनच ओलांडला. धक्क्यावर युसोफ अभयला म्हणाले, "बोलेह." जमतं हिला.

घरी आल्यावर फॉर्म ड्रॉवरमध्ये गेला. अभय मुकाट्याने लॅपटॉप घेऊन पुण्याचं तिकीट काढायला बसला. नाव, जन्मतारीख भरून त्याने स्क्रीन आईंसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला.

"ही खूण कसली रे?"

"व्हीलचेअरची. नेहमी करतो ना आपण."

"काढ ती."

त्याने काढली.

त्या जाऊन तीन आठवडे झाले. घरी आल्यावर चहा माझा मीच टाकते, आणि तो त्यांच्यासारखा होत नाही. रोज सकाळी बागेतल्या ग्रुपला त्या धबधब्याची उंची सांगतात. कालपर्यंत तो पाच मजल्यांचा झाला होता. मी दुरुस्त केलं नाही.

डोळ्यांपुढे राहिलाय तो चांगीचा निरोप. आई खांद्याला पिशवी, पायांत मर्सिंगचे काळे बूट घालून रांगेत शिरल्या, पासपोर्ट दाखवला आणि चालत आत गेल्या. वळून बघितलं नाही, घाईत होत्या. मी हात वर करून उभी होते. या वेळी मागे घे म्हणायला त्या जवळ नव्हत्या, म्हणून दिसेनाशा होईपर्यंत तो तसाच ठेवला.